पॉलिसी हँडबुकमध्ये आहे, मग सातच्या आत डे-केअरला का पोचता येत नाही?

तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. हे गृहस्थ ऐरोलीला एका कंपनीत टीम लीड आहेत, राहायला घोडबंदर रोडला कासारवडवलीला, बायको वाशीला बँकेत, मुलगी साडेतीन वर्षांची, तिचं डे-केअर सकाळी नऊ ते संध्याकाळी सात, आणि दोनेक महिन्यांत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. कंपनीने आता पाचही दिवस ऑफिसला या म्हणून सांगितलंय आणि स्वाइपमध्ये, म्हणजे दारावरच्या कार्डाच्या नोंदीत, रोज नऊ तास दिसले पाहिजेत. हँडबुकमध्ये फ्लेक्सी टायमिंग, म्हणजे यायची-जायची वेळ पुढेमागे करायची सोय, आहे, गरजेनुसार घरून काम आहे, घरातल्या आजारपणासाठी वेगळी रजा आहे, पण मॅनेजरला विचारलं की "बघू" एवढंच उत्तर येतं. मित्र म्हणतात टाइम मॅनेजमेंट शिक. यांचा प्रश्न असा की चूक माझीच आहे का, आणि नोकरी बदलू का.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात वीसेक वर्षं एचआरमध्ये आहे, आधी रबाळेला एका केमिकल प्लांटमध्ये होते, मग महापे आणि ऐरोलीला आयटी आणि बॅक ऑफिसवाल्या कंपन्यांत. म्हणजे तुम्ही जे हँडबुक वाचताय तशी हँडबुकं लिहिणाऱ्यांपैकी मी आहे. त्यामुळे पहिलं उत्तर स्पष्टच देते. तुमच्या बाबतीत टाइम मॅनेजमेंटचा काही संबंध नाही. डे-केअर नऊला उघडतं आणि सातला बंद होतं, म्हणजे हातात दहा तास. त्यातले नऊ स्वाइपला द्यायचे. उरला एक तास, आणि त्यात कासारवडवली ते ऐरोली जाऊन परत यायचं. गाडीने गेलात तर माजिवडा, कापूरबावडीचा जाम, पुढे मुलुंड-ऐरोली पूल. ट्रेनने गेलात तर आधी बसने ठाणे स्टेशन, मग नऊ-दहा नंबरवरून ट्रान्स-हार्बर पकडायची. एका बाजूला एक तास हा चांगला दिवस म्हणायचा. हे गणित कितीही शिस्तीच्या माणसाला सुटणार नाही कारण आकडेच बसत नाहीत, आणि आकडे तुम्ही ठरवलेले नाहीत, पॉलिसीने ठरवलेत.

आता खरा प्रश्न काय ते बघू. तुमच्या कंपनीत सवलत नाही असं नाहीये, सवलत आहे पण ती मेहेरबानी म्हणून आहे. हँडबुक परत उघडा आणि फ्लेक्सीच्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य बघा, मी बिनधास्त सांगते तिथे "मॅनेजरच्या मंजुरीनुसार" किंवा "कामाची गरज बघून" असं काहीतरी असणार. हे वाक्य टाकण्यामागे बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो, कस्टमर सपोर्टसारख्या टीमला सूट देता येत नाही म्हणून वकील आणि ऑपरेशन्सवाले मिळून ते टाकायला लावतात. पण त्याचा परिणाम असा होतो की एकाच मजल्यावर एका टीममधला माणूस साडेपाचला निघतो आणि शेजारच्या टीममधला आठपर्यंत बसतो, दोघांची पॉलिसी एकच, पगार जवळपास सारखा, फक्त मॅनेजर वेगळा. मी नवीन कंपनीत गेले की पॉलिसीचा कागद नंतर वाचते, आधी मागच्या वर्षभरात फ्लेक्सीसाठी किती अर्ज आले आणि ते कुठल्या टीममधून आले ते काढायला लावते. जिथून एकही अर्ज नाही तिथे सगळे सुखी असतात असं मी आजवर पाहिलेलं नाही, तिथल्या लोकांना विचारायचीच सोय नसते.

माझ्या अनुभवात पॉलिसीने घर सांभाळायला मदत होते की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं. वेळ आधी कळते का, आणि मागायची किंमत किती मोजावी लागते. रजा किती, सुविधा किती, ऑफिसात फॅमिली डे होतो की नाही, हे सगळं त्यानंतर.

पहिली गोष्ट, आधी कळणं. महापेला एका बॅक ऑफिसमध्ये मी होते तिथे शिफ्टचा रोस्टर शुक्रवारी रात्री मेलवर यायचा, सोमवारपासून लागू. तिथे एक मुलगी कळव्याहून यायची, बाळ सासूबाईंकडे. सासूबाईंना सोलापूरला बहिणीकडे जायचं असलं तरी जाता यायचं नाही कारण सुनेची पुढच्या आठवड्याची शिफ्ट सकाळची की दुपारची हे शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर कळणार, तोपर्यंत रिझर्व्हेशन कसलं करणार. घरात भांडण व्हायचं ते कामावरून नाही, या न कळण्यावरून. आम्ही ऑपरेशन्सशी बसलो. त्यांचं म्हणणं होतं की क्लायंटचा कामाचा अंदाज गुरुवारी येतो, मग आम्ही आधी कसं सांगणार. बरोबर होतं त्यांचं. पण जुने आकडे काढल्यावर दिसलं की बहुतेक लोकांची शिफ्ट अंदाज आल्यावरही बदलत नव्हती, थोड्याच खुर्च्या वरखाली व्हायच्या. मग बहुसंख्यांचा रोस्टर दोन आठवडे आधी लावायचा ठरवला, त्या थोड्या खुर्च्यांसाठी स्वखुशीने येणारे लोक घेतले आणि त्यांना त्याचा वेगळा भत्ता दिला, आणि दोघांनी आपापसात शिफ्ट बदलली तर मॅनेजरची परवानगी नको, फक्त सिस्टिममध्ये नोंद करा, असा नियम केला. सोमवारी सकाळी अचानक ताप येणाऱ्यांची संख्या दिसेल इतकी कमी झाली. कंपनीला एका माणसाची रजा वाढवून द्यावी लागली नाही, कामाचे तास तेवढेच राहिले.

हे फक्त माझं निरीक्षण नाही. अमेरिकेत गॅप या कपड्यांच्या कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोमधल्या २८ दुकानांत संशोधकांनी असाच प्रयोग केला होता, त्याचा अहवाल २०१८ मध्ये आला. शिफ्टच्या वेळा स्थिर केल्या, लोकांना आपसात बदलायची मुभा दिली, तर त्या दुकानांची विक्री साधारण ७ टक्क्यांनी वाढली. दुकानदारीतले लोक आधी म्हणत होते की ग्राहक कधी येतील सांगता येत नाही म्हणून शिफ्ट आधी सांगता येत नाही. खरं तर बरीचशी उलथापालथ हेड ऑफिसच्या निर्णयांमुळे होत होती, माल उशिरा येणार, सेलची तारीख बदलली, वगैरे. आपल्याकडेही अगदी तेच. संध्याकाळी सव्वासहाचा कॉल क्लायंटने लावलेला असतो असं आपण धरून चालतो, पण विचारून बघा, पुष्कळदा तो आपल्याच एखाद्या सीनियरच्या सोयीने लागलेला असतो.

दुसरी गोष्ट मागायची किंमत. हे रजेच्या अर्जात फार स्पष्ट दिसतं. कारणाचा रकाना बघायची मला सवय आहे. बायका मुलाचं आजारपण, शाळेची मीटिंग, सासऱ्यांचं चेकअप असं सरळ लिहितात. पुरुष लिहितात "पर्सनल", "बँकेचं काम", "गावी जायचंय". एक सीनियर इंजिनिअर होते, दर मंगळवारी अर्धा दिवस टाकायचे, कारण "पर्सनल". वडिलांना डायलिसिसला न्यायचे ते. वर्षाच्या शेवटी मॅनेजरने लिहिलं की हा माणूस भरवशाचा नाही, मंगळवारी सापडत नाही. मॅनेजरला माहीतच नव्हतं, आणि सांगायचं तर इंजिनिअरना वाटायचं की घरच्या अडचणी सांगणं म्हणजे कामात कमी पडतोय असं कबूल करणं. मला त्या कागदाचा अजूनही राग येतो, म्हणजे त्या दोघांपैकी कोणाचा नाही, पण ज्या ऑफिसात वडिलांना डायलिसिसला नेणं लपवावं लागतं त्या ऑफिसचा.

तुम्ही पुरुष आहात म्हणून हे मुद्दाम लिहितेय. सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. आता यात पुरुषांची इच्छा नसते हा भाग आहेच, मी तो झाकणार नाही. पण ऑफिसच्या पॉलिसीसुद्धा घर ही बाईचीच जबाबदारी धरून लिहिलेल्या असतात. साधं बघा, केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पॅटर्निटी लीव्ह मिळते, खाजगी नोकरीत मात्र तसा कायदाच नाही, कंपनी देईल ती. मग तुमच्या कंपनीने तुम्हाला सूट दिली नाही की त्याचा भार कुठे जातो? वाशीच्या बँकेवर. तुमच्या बायकोवर. तिला निघावं लागतं, तिचं प्रमोशन मागे पडतं, आणि बँकेतला तिचा मॅनेजर म्हणतो बायकांना जबाबदारीचं काम देता येत नाही. एका कंपनीची पॉलिसी दुसऱ्या कंपनीतल्या बाईचं करिअर ठरवते, आणि हे कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही. म्हणून तुम्ही मागताय ते फक्त स्वतःसाठी मागत नाही आहात, हे डोक्यात असू द्या.

आता घरून कामाचं. पाच दिवस ऑफिस का, याचं कारण बहुतेक कंपन्या एकच देतात, काम नीट होत नाही. यावर माझ्या माहितीतला सगळ्यात भक्कम अभ्यास ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीतला आहे, २०२४ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात छापून आला, निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा. १,६१२ लोकांचे दोन गट पाडले, एकाला आठवड्यातले दोन दिवस घरून, दुसऱ्याला पाचही दिवस ऑफिस. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या गटात एक तृतीयांशाने कमी झालं, आणि फरक जास्त कुठे पडला तर बायका, मॅनेजर नसलेले लोक आणि लांबून प्रवास करून येणारे. पुढच्या दोन वर्षांत अप्रेझल आणि प्रमोशनमध्ये दोन्ही गटांत फरक सापडला नाही. सगळ्यात मजेशीर भाग मॅनेजर लोकांचा, प्रयोगाआधी त्यांना वाटत होतं काम २.६ टक्क्यांनी घटेल, नंतर तेच लोक म्हणाले १ टक्क्याने वाढलं. हा अभ्यास तुमच्या मॅनेजरच्या तोंडावर फेकू नका, कोणालाच ते आवडत नाही. पण एचआरशी बोलताना उपयोगी पडेल, कारण माणूस गेला की नवीन शोधायला काय खर्च येतो हे एचआरला तोंडपाठ असतं.

हे सगळं तुमच्यासारख्या टेबलावर बसून करायच्या कामाला लागू आहे. प्लांटवर तीन शिफ्ट चालतात, तिथे रिअ‍ॅक्टर घरून चालवता येत नाही. रबाळेला असताना तिथल्या लोकांना काय हवं असायचं तर साप्ताहिक सुट्टी आधी ठरलेली हवी, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, वेळेवर यायला हवा, आणि पोराला ताप आला तर शिफ्ट बदलायला सुपरवायझरच्या हातापाया पडावं लागू नये. आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या लोकांना तर हँडबुकच लागू नसतं, हाउसकीपिंगच्या मावशी, सिक्युरिटीवाले, त्यांची पॉलिसी म्हणजे कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर. त्यांच्याबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही म्हणून इथे लिहून ठेवते. हायब्रिडवर, म्हणजे काही दिवस घरून आणि काही दिवस ऑफिसात यावर, वाद घालताना आपल्याच मजल्यावर बारा तास उभा असलेला माणूस कोणाला आठवत नाही.

कायद्याचं विचारलं नाहीत तरी सांगते, कारण अर्धवट माहितीवर लोक भांडायला जातात. महाराष्ट्रात आयटी आणि ऑफिसांना २०१७ चा दुकानं आणि आस्थापना कायदा लागतो. त्यात मूळ मर्यादा दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास, वर ओव्हरटाइम दुप्पट दराने, वर्षाला ८ दिवस कॅज्युअल लीव्ह, आणि वर्षात २४० दिवस काम केलं असेल तर दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, जी ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. २०२५ मध्ये राज्य सरकारने रोजची मर्यादा ९ वरून १० तास करायचा निर्णय घेतला. तास वाढवून कामं वाढतात असं मला वाटत नाही, आणि ज्यांची घरं बदलापूर-विरारला आहेत त्यांच्यासाठी तो एक तास जेवणाच्या ताटावरून जातो. मॅनेजर आणि सुपरवायझर दर्जाच्या लोकांना या कायद्यातून बऱ्याच अंशी वगळलंय, आणि टीम लीड त्यात बसतो का हे तुमच्या हुद्द्याच्या नावापेक्षा तुम्ही प्रत्यक्ष काय काम करता यावर ठरतं. त्यामुळे कायदा दाखवून साडेपाचला निघता येईल अशी आशा ठेवू नका.

मॅटर्निटीची बाजू जास्त पक्की आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय. रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल तर दोघांच्या संमतीने घरून काम करता येईल अशीही तरतूद आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले कायदे, लागू झाले, तेव्हापासून हे सगळं सोशल सिक्युरिटी कोडमध्ये गेलं. तुमच्या दृष्टीने यातला कामाचा भाग पाळणाघर. तुमच्या कंपनीचं कुठल्या डे-केअरशी टाय-अप आहे का हे एचआरला मेल करून विचारा, बायकोच्या बँकेतही विचारायला सांगा. बऱ्याच कंपन्या ऑफिसजवळच्या डे-केअरशी करार करतात पण कर्मचाऱ्यांना सांगत नाहीत, आणि काही ठिकाणी वडिलांनाही ती सोय देतात. ऐरोलीत ऑफिसजवळ मुलगी असेल तर सातची तलवार बरीच दूर जाते, अर्थात मग तिला घोडबंदरहून रोज एवढा प्रवास करावा लागेल, ते झेपेल का हे तुम्हीच ठरवू शकता.

ऑफिस सुटल्यावरच्या मेल-कॉलबद्दल खाली कोणीतरी राइट टू डिस्कनेक्ट, म्हणजे सुट्टीनंतर कामाच्या मेल-कॉलला उत्तर न द्यायचा हक्क, आलाय म्हणून लिहिलंय. आलेला नाही. सुप्रिया सुळेंनी लोकसभेत हे खाजगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, मांडलंय, आधी २०१८ च्या सुमाराला आणि परत डिसेंबर २०२५ मध्ये, पण १९७० नंतर आपल्याकडे एकही खाजगी विधेयक कायदा झालेलं नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून. आपल्याकडे तोपर्यंत टीमपुरता नियम करणं हाच मार्ग, आणि तुम्ही स्वतः टीम लीड आहात. तुमच्या खालच्या लोकांना रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅप करत असाल तर ते आजपासून थांबवा, त्याला कोणाची मंजुरी लागत नाही.

आता तुम्ही काय करायचं. आधी दोन आठवडे लिहून काढा की नक्की कुठे मोडतंय. रोज मोडत असेल असं तुम्हाला वाटतंय, पण बहुतेक लोकांचं लिहून काढल्यावर दिसतं की आठवड्यातले दोन किंवा तीन दिवस मोडतात, ज्या दिवशी बायकोच्या बँकेत हिशेबाचं क्लोजिंग असतं किंवा तुमचा उशिराचा कॉल असतो. हे कळलं की तुमची मागणी लहान होते, आणि लहान मागणी मंजूर करायला मॅनेजरला कोणाला विचारावं लागत नाही. "मला फ्लेक्सी हवंय" या वाक्याला "बघू" हेच उत्तर येणार, कारण त्याच्या डोळ्यासमोर लगेच बाकीचे बारा जण उभे राहतात. त्याचीही बाजू समजून घ्या, त्याला वरून हजेरीचा टक्का विचारला जातो, काम कसं झालं हे नंतर. म्हणून त्याला असं काहीतरी द्या जे तो वर दाखवू शकेल.

दुसरं, तोंडी विचारणं बंद करा. बोला जरूर, पण बोलल्यावर मेल टाका. यात भांडण नाही, नोंद आहे. मेल तुम्ही इंग्रजीत लिहाल पण मजकूर साधारण असा ठेवा: "आज बोलल्याप्रमाणे, पुढचे तीन महिने मंगळवार आणि गुरुवारी मी सकाळी साडेसात ते साडेचार ऑफिसात असेन, नऊ तास पूर्ण होतील. त्या दोन दिवशी साडेचारनंतरचे कॉल अमुक बघेल, त्याच्याशी बोलणं झालंय आणि बुधवारी त्याचे कॉल मी घेईन. महिन्याच्या शेवटी टीमचे पेंडिंग आकडे आपण एकत्र बघू, घसरले तर व्यवस्था बदलू. हँडबुकमधल्या फ्लेक्सीच्या कलमानुसार ही विनंती आहे, मंजुरी मेलवर द्यावी." त्या दोन दिवशी सकाळी मुलीला सोडायचं बायकोकडे आणि संध्याकाळी आणायचं तुमच्याकडे, हे घरात आधी ठरवून घ्या, नाहीतर ऑफिसात मिळवलेलं घरात अडकेल. तुमच्या भागात साडेसहाच्या आत निघालं तर घोडबंदर रोड त्यामानाने मोकळा मिळतो, तो फायदा वेगळाच.

आठवडाभरात उत्तर आलं नाही तर एक आठवण, आणि त्यानंतर तोच मेल एचआरला, मॅनेजरला सीसीत ठेवून. पाठीमागून एचआरकडे जाऊ नका. मी एचआर असून सांगते, कागद नसलेल्या तक्रारीवर आमच्या हातात फार काही नसतं, आणि आम्ही शेवटी कंपनीचा पगार घेतो हेही लक्षात असू द्या. पण लेखी विनंती कारण न देता नाकारली असेल तर चांगला एचआर त्याच्यावर प्रश्न विचारू शकतो, आणि दोन-तीन टीममधून असे मेल आले तर ती पॉलिसीची चर्चा होते.

नोकरी बदलायची का? हे तुमच्या होम लोनवर, बायकोच्या बँकेत बदलीची शक्यता किती आहे त्यावर आणि तुमच्या कामाला ठाण्यात किंवा वागळे इस्टेटला मागणी आहे का त्यावर ठरेल, मला इथून सांगता येणार नाही. पण एक नक्की सांगेन, ऑपरेशनच्या आधी बदलू नका. नवीन ठिकाणी पहिले काही महिने प्रोबेशन, रजा साठलेली नाही, आणि तिथला मॅनेजर तुम्हाला ओळखत नाही. आत्ताच्या ठिकाणी तुमची साठलेली रजा आणि नाव दोन्ही आहे, ते आईसाठी वापरा. लहान, स्पष्ट, तीन महिन्यांची मागणीही कारण न देता नाकारली गेली तर मात्र त्यानंतर शोधायला लागा, आणि इंटरव्ह्यूला "तुमची वर्क-लाइफ पॉलिसी काय" असं विचारू नका, सगळे छानच सांगतात. विचारा की या टीममधून फ्लेक्सी सध्या कोण वापरतंय, त्यात पुरुष किती, आणि ते वापरणाऱ्या कोणाला मागच्या दोन वर्षांत प्रमोशन मिळालं का. समोरचा माणूस आठवायला लागला की तुम्हाला उत्तर मिळालं.

आईच्या रजेबद्दल शेवटचं. बहुतेक लोक हॉस्पिटलमधल्या दिवसांवर सगळी रजा संपवतात. तिथे नर्स असतात, डॉक्टर असतात, गुडघ्याच्या ऑपरेशनला साधारण तीन-पाच दिवसांत घरी सोडतात. खरी गरज घरी आल्यावर लागते, वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत नेणं, टाके काढायला नेणं, फिजिओवाला येईल त्या वेळेला कोणीतरी हजर असणं. ऑपरेशनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही रहा, मधले दिवस भाऊ-बहीण, मावशी कोणी असेल त्यांना सांगा, आणि तुमची सलग रजा डिस्चार्जच्या तारखेपासून दोन आठवडे लावा. तारीख पक्की झाली की त्याच दिवशी अर्ज सिस्टिममध्ये टाका, पुढेमागे झाली तर बदलता येते. आणि कारणाच्या रकान्यात "पर्सनल" नका लिहू, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन असंच लिहा.